थळचा नाखवा आणि पदार्थविज्ञान मंडळ

माझ्या शिक्षणाचं श्रेय कोणाचं, असं कोणी विचारलं की मी थळच्या धर्मा नाखव्याचं नाव सांगतो. माझे आईवडील डोंगरापलीकडच्या भातशेतीच्या गावात राहायचे आणि तिथं शाळा चौथीपर्यंतच होती. नाखव्याची बायको, हिराकाकी, दर उन्हाळ्यात सुक्या मासळीची टोपली घेऊन आमच्या गावी यायची, मासळी देऊन तांदूळ न्यायची. एका वर्षी आई तिला म्हणाली, "पोरगा हुशार आहे गं, पण आता गुरंच राखणार." काकीनं तांदळाची गोणी बांधता बांधता सांगितलं, "मंग दे माज्याकरं. आमच्या थलावरनं हायस्कूल तासाभराच्या वाटंवर हाय." त्या वर्षी तिनं तांदूळ नेला आणि मलाही नेलं. तिथून बी.एस्सी. होईपर्यंतची बहुतेक सगळी वर्षं मी नाखव्याच्या घरी जेवलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. मला पदवी मिळाली ती एका निरक्षर कोळ्याच्या ताटातला भात खाऊन.

हे सगळं आठवायला मला निमित्त लागत नाही, पण माघ महिना ते हमखास देतो. निवृत्तीनंतर मी दर माघात चौलला मुक्कामाला येतो. रेवदंड्याकडे जाताना किनाऱ्यालगत बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. ते दोरीवर कसे राहतात, हे लांबून पाहणाऱ्याला कळत नाही. त्यांना बांधत नाहीत. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टांगायची. दोघं एकमेकांना धरून उन्हात सुकतात. लहानपणी मी हे काम तासन्‌तास केलं आहे. ओल्या बोंबलाचं तोंड उघडताना त्याचे बारीक दात बोटांना लागतात. हिराकाकी म्हणायची, "मेला तरी चावतंय बग." आणि हसायची.

त्या वासाबद्दल मी फार बोलत नाही, कारण त्या वासानं माझी कॉलेजची पहिली दोन वर्षं खाल्ली.

किनाऱ्यावरच्या एका गावात तेव्हा कॉलेज निघालं होतं. मी थळहून वाळू तुडवत तिथं जायचो. शर्ट धुतलेला असायचा, पण तो ज्या अंगणात वाळायचा तिथं बोंबीलही वाळायचे. वर्गात माझ्या बाकावर उरलेली जागा कोणी घेत नसे. तिसऱ्या वर्षाला वसंत लेले नावाचा मुलगा होता. वकिलाचा मुलगा, उंच, अतिशय हुशार, पदार्थविज्ञान मंडळाचा चिटणीस. तो डोळे मिटून उभा राहायचा आणि प्रयोगशाळेच्या दारातून मुलं आत येऊ लागली की म्हणायचा, "आता कोण आलं ते न बघता सांगतो." मी आत आलो की तो नुसतं नाक उडवायचा. बाकीचं काम हसणारे करायचे.

मी काकीला काही सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं कोण जाणे. एक दिवस माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत शर्टांच्या घडीत केवड्याचं पान ठेवलेलं सापडलं. मी तोच शर्ट घालून गेलो. लेले म्हणाला, "वा, आज बोंबलाचं लग्न दिसतंय!"

तरीही मला त्या मंडळात जायचं होतं. का ते सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की अशा मुलांत जायची हौस कशाला. पण दुसरी वाट नव्हती. मंडळाच्या सभासदांना शनिवारी दुपारी प्रयोगशाळा मोकळी मिळायची. एरवी कपाटात कुलूपबंद असलेला वर्णपटमापक हाताळायला मिळायचा. आमचे प्राध्यापक सभासदांनाच जवळ बसवून तास-दोन तास शिकवायचे आणि पुढं पुण्याला एम.एस्सी.ला कोणाची शिफारस करायची, ते मंडळातूनच ठरवायचे. मला पदार्थविज्ञान वेड्यासारखं आवडायचं. लोलकातून आलेला रंगांचा पट्टा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा दारापाशी, मुलांच्या खांद्यांवरून पाहिला होता. तो मला जवळून बघायचा होता. मंडळात शिरलो नाही तर पदवीनंतर एखाद्या कचेरीत कारकून होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मंडळाची प्रवेशाची रीत अशी होती. उमेदवारानं सभेपुढं एक प्रयोग किंवा एक पद्धत मांडायची. मग प्रश्न. शेवटची पाच मिनिटं त्यानं स्वतःच आपल्या मांडणीतल्या चुका वाचून दाखवायच्या. प्रयोगवहीत प्रत्येक प्रयोगाच्या तळाशी 'चुकांची कारणं' लिहितात ना, तसंच, पण उभं राहून, सर्वांसमोर. प्राध्यापकांचा यावर फार भर होता. "आपल्याच प्रयोगाशी जो निर्दय होऊ शकत नाही, त्यानं दुसरा विषय घ्यावा," असं ते म्हणायचे. ते सज्जन होते. हे वाक्य ते सज्जनपणेच म्हणायचे.

नंतर मतदान. प्रत्येक सभासदाला शिशाचा एकेक छर्रा मिळायचा. तो दोन झाकलेल्या डब्यांपैकी एकात टाकायचा. डबे मग काचेच्या पेटीतल्या तराजूच्या दोन पारड्यांत ठेवायचे. काटा ज्या बाजूला जाईल तो निकाल. मोजणी करायची नाही, फक्त काटा बघायचा. उमेदवारानं पेटीसमोर उभं राहायचं.

मी विषय दिला: भरतीची वेळ काढण्याची कोळ्यांची पद्धत. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. नाखव्यानं मला हे बोटांवर शिकवलं होतं. "चार तितीला तीन तास," एवढंच त्याचं सूत्र. माझ्या वहीत मी त्याचं समीकरण मांडलं होतं, चंद्र रोज किती मिनिटं उशिरा उगवतो ते लिहिलं होतं, आकृती काढली होती.

लेलेनं कागद वाचला आणि म्हणाला, "छान आहे रे. पण हे उपकरण कुठाय?"

"कुठलं उपकरण?"

"तुझा तो कोळी. पद्धत त्याची, मग त्यालाच आण. काय सर?"

प्राध्यापकांना कल्पना खरोखर आवडली. "जरूर आणा," ते म्हणाले. "अनुभवी माणसाकडून ऐकू."

मी लेलेच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं. तिथंच 'त्याला जमणार नाही' असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "आणतो."

नाखवा आनंदानं आला. असा आनंद मी त्याला होडी उतरवतानाही पाहिला नव्हता. लेक माहेरी आणायला निघाल्यासारखा त्यानं पोशाख केला होता: शेजाऱ्याचं धोतर, स्वतःचा एकुलता कोट आणि डोक्यावर लाल कानटोपी. हातात सुक्या बोंबलाची टोपली. मास्तरांकडे मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून. वाटेत मला दोनदा म्हणाला, "मी काय बोलू नको तं आदी सांगून ठेव. तुजा इस्कोट व्हायला नको."

मी म्हटलं, "नाखवा, तुम्ही नेहमी सांगता तसंच सांगा."

प्रयोगशाळेत त्यानं चपला दाराबाहेर काढल्या. टोपली प्राध्यापकांच्या टेबलावर, वर्णपटमापकाच्या शेजारी ठेवली. कोणीतरी खिडकी उघडली. प्राध्यापकांनी उठून नमस्कार केला आणि त्याला खुर्ची दिली. नाखवा खुर्चीच्या काठावर बसला.

त्यानं बोटांवर हिशेब करून दाखवला. "उद्या नवमी. पावणेसाताला भरती. हात लावून बगा." प्राध्यापकांनी मान डोलावली. मग प्रश्न सुरू झाले.

"काका, दर्या भरतो तो कशानं?" लेलेनं विचारलं.

"चंद्रानं. चंद्र बगून दर्याला उमाला येतंय."

"आणि अवसेला? तेव्हा चंद्र कुठं दिसतो?"

नाखवा हसला. "मानूस दिसला नाय म्हंजे नाय काय? दर्याला ठावं असतंय."

"म्हणजे दर्याला डोळे आहेत."

"तुमच्यापरीस बरं," नाखवा म्हणाला.

सगळे हसले, आणि हे हसू चांगलं होतं. मला एक क्षण वाटलं, तरलो. पण लेलेला ते लागलं. तो उठून पुढं आला.

"आता वाजले किती?"

नाखव्यानं खिडकीतून जमिनीवर पडलेल्या उन्हाकडे पाहिलं. "चार वाजाया आले."

चार वाजायला दहा मिनिटं होती. भिंतीवरचं घड्याळ नाखव्याच्या पाठीमागं होतं. मी ते पाहिलं आणि सर्वांनी पाहिलं.

"उन्हात नको," लेले म्हणाला. "यात बघून सांगा." त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून नाखव्याच्या तळहातावर ठेवलं. नाखव्यानं ते जपून धरलं, घामेजला हात लागेल म्हणून आधी दुसरा हात कोटाला पुसला. मग ते डोळ्याजवळ नेलं. त्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं, म्हणून त्यानं मान तिरकी केली. घड्याळ उलटं होतं. त्यानं ते बराच वेळ पाहिलं आणि कानाला लावलं.

"चालू हाय," तो म्हणाला.

मागच्या बाकावरच्या एका मुलाला हसू आवरेना, तो खाली वाकला. आणि मी? मी वहीत लिहून घेतलं: निरीक्षकाला घड्याळ वाचता येत नाही.

शेवटच्या पाच मिनिटांसाठी मी उभा राहिलो. चुकांची कारणं. पहिलं: तिथी सगळ्या सारख्या लांबीच्या नसतात. दुसरं: वारा आणि हवेचा दाब धरलेला नाही. तिसरं: भांगेच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, भरती ठरल्यापेक्षा पुढंमागं होते. हे तिन्ही दोष खरे होते. मग प्रयोगवहीत नेहमी येणारं चौथं शीर्षक: निरीक्षकाची चूक. त्याखाली मी घरून काहीच लिहून आणलं नव्हतं. लेलेनं तराजूच्या पेटीला टेकून विचारलं, "चौथं राहिलं का?" त्याच्या दोन बोटांत त्याचा छर्रा होता.

मी वाचल्यासारखं बोललो. "निरीक्षक निरक्षर आहे. त्याला घड्याळ वाचता येत नाही. एक डोळा अधू आहे. तो ऐकीव गोष्ट सांगतो. त्यामुळे त्याच्या निरीक्षणांवर विसंबता येत नाही."

खोली हसली. ते हसू माझ्या बाजूचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खी खोली माझ्या बाजूनं हसत होती, आणि ते किती गोड लागलं ते मी अजून विसरलो नाही. मी नाखव्याकडे पाहिलं. सगळे हसताहेत म्हणून तोही हसत होता.

माझ्या वहीत त्या पानावर तळाशी आणखी एक वाक्य होतं. 'एवढे दोष असूनही, मी पाहिलेल्या आठ वर्षांत या माणसाच्या होडीला भरतीच्या पाण्यासाठी एकदाही थांबावं लागलेलं नाही.' हे मी दोन दिवस आधी, त्याच्या ओटीवर बसून लिहिलं होतं. ते मी वाचलं नाही. वेळ संपला नव्हता. मी वही मिटली.

डबे पारड्यांत ठेवले गेले. काटा एका बाजूला गेला आणि तिथंच राहिला, परत हललाच नाही. "एकमतानं," लेले म्हणाला आणि त्यानं माझ्याशी हस्तांदोलन केलं. त्याच्या हाताला अत्तराचा वास होता. प्राध्यापक नाखव्याला दारापर्यंत सोडायला गेले, त्याचे आभार मानले आणि मला म्हणाले, "दोष छान मांडलेत. चौथा जरा कठोर वाटला. पण कठोर असावंच."

परतताना वाळूतून नाखवा पुढं आणि मी मागं. टोपली प्रयोगशाळेतच राहिली होती. ती नंतर शिपायानं बाहेर ठेवली. बराच वेळ चालल्यावर नाखवा म्हणाला, "पोरा, येक मना कलला नाय. मानूस चूक, म्हंजे कसा?"

"तसं लिहायची पद्धत असते, नाखवा. सगळ्याच प्रयोगांत."

"पद्धत हाय तं बरा." पुन्हा चालणं. मग, "तू पास ना?"

"हो."

"मंग झाला."

तेवढ्यावर विषय संपला. घरी गेल्यावर त्यानं काकीला सांगितलं, "कालिजात सगली हसली. लय मजा आयली." काकीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्यासमोर मी जेवण संपवलं.

मंडळात मी रमलो. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण त्या मंडळाचंही माझ्यावर ऋण आहे. लेलेनं मला वर्णपटमापक लावायला शिकवलं आणि फार चांगलं शिकवलं. सोडियमच्या ज्योतीची पिवळी रेषा दोन रेषांत फुटलेली मी पाहिली तेव्हा माझा श्वास थांबला होता, आणि लेलेचाही थांबला होता. तो शास्त्रावर खरं प्रेम करणारा मुलगा होता. माणसाला एका बाजूनं इतकं सुंदर आणि दुसऱ्या बाजूनं इतकं दुष्ट असता येतं, हे मी त्याच्याकडून शिकलो. स्वतःकडून ते शिकायला मला जास्त वर्षं लागली. परीक्षेआधी मी कॉलेजच्या गावात एका सभासदाच्या खोलीवर राहायला गेलो. अभ्यास जास्त होतो, असं काकीला सांगितलं. महिन्याभरात माझ्या शर्टांचा वास गेला.

पुढं शिफारस मिळाली, पुणं झालं, नोकरी झाली. तीस वर्षं मी मुलांच्या प्रयोगवह्या तपासल्या. प्रत्येक वहीत 'निरीक्षकाची चूक' या शीर्षकाखाली मुलं काहीतरी सवयीनं खरडतात. 'डोळा सरळ रेषेत नव्हता.' 'घड्याळ उशिरा दाबलं.' मी त्यावर बरोबरची खूण करायचो आणि पान उलटायचो.

नाखवा गेल्याचं मला पुण्यात कळलं, तेही पंधरा दिवसांनी. मी थळला गेलो तेव्हा हिराकाकी अंगणात बोंबील अडकवत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"कवा आयलास?"

"आत्ताच, काकी."

"बस."

मी बसलो आणि सवयीनं टोपलीतले दोन बोंबील उचलले. तिनं ते माझ्या हातातून काढून घेतले. "तुज्या कपऱ्यांना वास लागंल," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग तिनं आत जाऊन होडीच्या कागदांचा डबा आणला आणि त्यातून एक कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. मी ते ओळखलं. मंडळाकडे उपकरणं फारशी नव्हती. आम्ही गावातल्या घड्याळजीकडून, दवाखान्यातून, शाळांतून वस्तू मागून आणायचो आणि प्रयोग झाला की ज्याची वस्तू त्याला छापील कार्ड धाडायचो. गाळलेल्या जागा हातानं भरायच्या. नव्या सभासदाचं पहिलं काम म्हणजे आपल्या प्रयोगाचं कार्ड भरणं. मी विचारलं होतं, "नाखव्यालाही धाडायचं? मी त्याच्याच घरी राहतो." लेले म्हणाला होता, "नियम सगळ्यांना सारखा." त्या वेळी मला त्यात गंमत वाटली होती. शिवाय माझ्या नावापुढं 'सभासद' असं लिहायची ती पहिलीच संधी होती.

"पोस्टमननं किनाऱ्यावरच वाचला," काकी सांगू लागली. "सगली होती तिथं. पोरं वरडायला लागली, नाखवा, तुजा गनित कालिजानं नापास केला! तवापासना त्याला कोनी भरती इचारली का बोलायचा, कालिजात इचार. मना न्हाय ठावं. होरी काढायची तरी धाकट्या दिराला इचारायचा, तुज्यासमोर दाखवायचा नाय. चालीस वरसां ज्याला गाव इचारत होता, तो."

"माझ्यावर रागावले होते का?"

"नाय. मीच बोलली, पोरानं असा लिवला? तं माज्यावरच खेकसला. बोलला, खरा तेच लिवलाय त्यानं. शिकलाय तो." ती पुन्हा बोंबील अडकवायला बसली. "ने तो कार्ड. मना कुठं वाचता येतंय."

ते कार्ड माझ्याकडे आहे. नाखव्याला मी आयुष्यात दुसरं पत्र लिहिलं नाही. शब्दात काही बदल न करता ते इथं उतरवतो.

*पदार्थविज्ञान मंडळ*

*श्री. धर्मा नाखवा, मु. थळ, यांस*

*स. न. वि. वि.*

*आपण मंडळाच्या उपयोगासाठी दिलेली वस्तू:* भरतीची वेळ काढण्याची पद्धत.

*प्रयोग करणाऱ्या सभासदाचे नाव:* ग. बा. म्हात्रे.

*तपासणीत दोष आढळला / आढळला नाही:* आढळला.

*दोषाचे स्वरूप:* निरीक्षक.

*वस्तू पुन्हा लागेल / लागणार नाही:* लागणार नाही.

*सहकार्याबद्दल मंडळ आभारी आहे.*

*आपला,*

ग. बा. म्हात्रे, सभासद